जोडीदाराचं आजारपण आणि आपण : फुप्फुसाच्या कर्करोगातील सोबतीचे धडे



आपण नेहमी निबंध, पाठांचं स्पष्टीकरण, विज्ञानातले घटक यांवर बोलतो. आजचा पाठ कुठल्याही इयत्तेच्या पुस्तकात नाही. पण वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी किंवा स्टाफरूममधल्या एखाद्या सहकाऱ्याच्या घरी तो चालू असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. आमच्या घरी तो जवळजवळ वर्षभर चालला. माझ्या पत्नीला फुप्फुसाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, नंतर केमोथेरपीच्या चार फेऱ्या झाल्या.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवतोय. श्वसनसंस्थेची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढतो. तरीपण हा आजार घरात आला तेव्हा मला काहीच येत नव्हतं. त्या वर्षात माझ्याकडून दोन मोठ्या चुका झाल्या. त्यातली एक तर तिच्या जिवावर बेतली होती. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये, आणि आलीच तर त्या चुका तुमच्याकडून होऊ नयेत, म्हणून हा लेख लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. प्रत्येक रुग्णाचा आजार वेगळा, उपचार वेगळा. औषध कोणतं, किती, कधी हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. इथे आपण बोलणार आहोत ते घरातल्या माणसाच्या कामाबद्दल.

१. आजार आधी समजून घेऊ या

आपल्या उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात आणि डाव्याचे दोन. या खंडांतल्या पेशी ताबा सुटल्यासारख्या वाढू लागल्या की गाठ तयार होते. फुप्फुसाच्या कर्करोगाचे ढोबळमानाने दोन प्रकार सांगतात, ‘स्मॉल सेल’ आणि ‘नॉन-स्मॉल सेल’. दुसरा प्रकार जास्त आढळतो, १०० पैकी साधारण ८५ रुग्णांत तोच असतो. तो लवकर सापडला आणि पसरलेला नसला, तर गाठ असलेला खंडच काढून टाकतात. या शस्त्रक्रियेला लोबेक्टमी म्हणतात. राहिलेल्या खंडांवर माणूस चांगलं आयुष्य जगू शकतो.

मग प्रश्न येतो तो कारणाचा. हिची बातमी कळल्यावर निम्म्या लोकांनी पहिला प्रश्न विचारला, “वहिनी मिसरी लावायच्या का हो?” तंबाखू, विशेषतः विडी-सिगारेट, हे या आजाराचं सर्वांत मोठं कारण आहे, यात शंका नाही. पण आयुष्यात कधीही विडीला हात न लावलेल्यांनाही हा आजार होतो, आणि आपल्या देशात, खास करून बायकांमध्ये, असे रुग्ण बरेच असतात. दुसऱ्याने ओढलेल्या सिगारेटचा धूर, चुलीचा धूर, हवेचं प्रदूषण ही कारणंही माहीत झालेली आहेत. हिचं लहानपण चुलीपुढे फुंकणी घेऊन गेलं. तेच कारण होतं का? एका माणसाच्या बाबतीत असं बोट ठेवून कोणी सांगू शकत नाही.

आणि समजा, तुमचा जोडीदार खरंच विडी ओढत असेल, तर? सोडायला मदत करा. आजही सोडली तरी शस्त्रक्रियेला आणि नंतरच्या उपचारांना फायदा होतो. पण “मी सांगत होते ना!” हे वाक्य गिळून टाका. त्या माणसाने ते स्वतःला रात्री शंभर वेळा ऐकवलेलं असतं. घरात कोर्ट भरवू नका.

आणखी एक मुद्दा, जो आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. हिचा खोकला पावसाळ्यात सुरू झाला. एक्स-रेमध्ये सावली दिसली. थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत, तरी एका दवाखान्यात क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. अडीच महिने आम्ही त्या इमानदारीने घेतल्या. वजन कमीच होत गेलं. दोन्ही आजारांची सावली एक्स-रेवर सारखी दिसू शकते, म्हणून असा गोंधळ होतो. क्षय सिद्ध झाला असेल तर औषध अर्धवट मुळीच सोडायचं नाही. पण क्षय सिद्ध झालेला नाही आणि गोळ्यांनी फरकही पडत नाही, असं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, “सीटी स्कॅन आणि बायॉप्सी करून घ्यायची का?” तीन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, थुंकीतून रक्त, विनाकारण घटणारं वजन, बसलेला आवाज यांपैकी काहीही दिसलं तर अंगावर काढू नका.

२. माझी पहिली चूक : मी तिच्यापासून लपवलं

बायॉप्सीचा रिपोर्ट मी आणि तिच्या भावाने घेतला. पुण्यातल्या रुग्णालयाच्या जिन्यातच आम्ही दोघांनी ठरवून टाकलं, हिला सांगायचं नाही. “हाय खाईल,” असं मेहुणा म्हणाला. मलाही ते पटलं. घरी येऊन सांगितलं की साधी गाठ आहे, काढली की झालं.

पुढचे चार दिवस घरात विचित्र गेले. ती खोलीत आली की बोलणं थांबायचं. फोन आला की मी अंगणात जायचो. माझी आई देवापुढे बसून डोळे पुसायची. चौथ्या रात्री भांडी आवरून ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, “अहो, केसपेपरवर ऑन्कोलॉजी लिहिलंय. मीपण बारावी सायन्स केलंय. तुम्ही मला सांगताय, की मी तुम्हाला सांगू?”

मी गप्प बसलो. मग ती म्हणाली, “गाठीची भीती आहेच. पण तुम्ही सगळे एका बाजूला आणि मी एकटी दुसऱ्या बाजूला, हे मला जास्त लागलं.”

मित्रांनो, आपल्याकडे बहुतेक घरांत असंच होतं. आपण प्रेमापोटी लपवतो. पण लपवल्याने तिला माहिती मिळायची थांबत नाही, ती अंदाजाने मिळते. थांबतं ते फक्त आपल्याशी बोलणं. शिवाय हे शरीर तिचं आहे. छाती कोणाची उघडणार? सह्या कोणाच्या? मग निर्णय कोणाचा असायला हवा?

दुसऱ्या भेटीत ती स्वतः डॉक्टरांसमोर बसली. तिने जे प्रश्न विचारले ते मला कधी सुचलेच नव्हते. “मी पुन्हा जिना कधी चढू शकेन? मुलीची दहावी मार्चमध्ये आहे, तेव्हा मी कुठल्या अवस्थेत असेन? केमो न घेतली तर काय होईल?” डॉक्टरांनी एकेक उत्तर शांतपणे दिलं. परतताना एसटीत ती आठवड्यांनंतर पहिल्यांदा गाढ झोपली.

तेव्हा एवढं करा :

• रुग्णाला किती माहिती हवी आहे, हे त्यालाच विचारा. काहींना सगळं हवं असतं, काहींना थोडं थोडं. दोन्ही बरोबर आहे.
• डॉक्टरांकडे जाताना प्रश्न वहीत लिहून न्या. आत गेलं की अर्धे प्रश्न विसरतात.
• मुलांना वयाप्रमाणे खरं सांगा. आमच्या मुलीला आईनेच सांगितलं. मुलगी रडली, पण दुसऱ्या दिवशी तिनेच औषधांचं वेळापत्रक रंगीत पेनाने करून भिंतीवर लावलं.

३. शस्त्रक्रियेआधीची तयारी

शस्त्रक्रियेआधी बऱ्याच तपासण्या होतात. आजार शरीरात आणखी कुठे पसरलाय का हे पाहायला पेट स्कॅन, कधी मेंदूचा एमआरआय. हृदयासाठी टू-डी इको. आणि एक खंड काढल्यावर उरलेल्या फुप्फुसावर काम भागेल का, हे बघायला श्वासाची चाचणी, म्हणजे पीएफटी. या सगळ्यात दोन-तीन आठवडे जातात. “अजून किती तपासण्या?” असं वाटून चिडचिड होते. पण आजाराचा टप्पा नक्की झाल्याशिवाय उपचार ठरवता येत नाही.

या काळात घरच्या माणसाने करायचं पहिलं काम म्हणजे फाइल. तारखेप्रमाणे सगळे रिपोर्ट, वर एक पान आणि त्या पानावर रक्तगट, कशाची अ‍ॅलर्जी, चालू औषधं, डॉक्टरांचे नंबर. सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये. ही फाइल पुढे किती वेळा उपयोगी पडते ते विचारू नका.

दुसरं काम म्हणजे श्वासाचा व्यायाम. तीन चेंडूंचं एक छोटं प्लॅस्टिकचं यंत्र असतं, स्पायरोमीटर. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, की चेंडू वर जातात. बऱ्याच जणांना वाटतं की फुंकायचं. तसं नाही, ओढायचं. शस्त्रक्रियेच्या आधीपासून सवय केली की नंतर सोपं जातं. आमच्या घरी रोज संध्याकाळी तिघांची स्पर्धा व्हायची. पहिल्या दिवशी मुलीचे तिन्ही चेंडू वर, माझे अडीच आणि हिचा एक. शस्त्रक्रियेला जाईपर्यंत हिचे दोन झाले होते.

४. शस्त्रक्रिया आणि नंतरचे दिवस

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. उजव्या फुप्फुसाचा वरचा खंड काढला. फुप्फुसाची शस्त्रक्रिया काही ठिकाणी लहान छिद्रांतून दुर्बिणीने करतात, काही वेळा बरगड्यांमधून मोठा छेद घ्यावा लागतो. हिला मोठा छेद होता.

बाहेर आणल्यावर पहिल्यांदा लक्ष जातं ते छातीतून निघालेल्या नळीकडे. ती एका बाटलीला जोडलेली असते, बाटलीत पाणी असतं. मला ते बघून घाम फुटला. मग सिस्टरांनी समजावलं आणि माझ्यातला विज्ञानशिक्षक जागा झाला. शस्त्रक्रियेनंतर छातीच्या पोकळीत हवा आणि द्रव साठतो. तो बाहेर निघाला पाहिजे, पण बाहेरची हवा आत जायला नको. नळीचं टोक पाण्याखाली असल्यामुळे हवा फक्त एकाच दिशेने, बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडते. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वरखाली होतं. ही बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली ठेवायची, आडवी होऊ द्यायची नाही, नळी अंगाखाली दबू द्यायची नाही. हे तीन नियम सोबतच्या माणसाने पाठ करावेत.

यानंतरचं सगळ्यात अवघड काम म्हणजे खोकणं. ऐकायला विचित्र वाटेल, पण आत साचलेला कफ बाहेर आला नाही तर न्यूमोनिया होऊ शकतो. आणि खोकताना तर जखम फाटतेय असं वाटतं. त्यावर एक साधा उपाय आहे. उशी जखमेच्या बाजूला घट्ट दाबून धरायची आणि मग खोकायचं. रात्री ती झोपेतून उठून म्हणायची, “उशी द्या.” मी द्यायचो, पाठीला हात लावून बसायचो. त्या आठवड्यातलं माझं मुख्य काम म्हणजे एवढंच, उशी देणं.

दुखण्याची औषधं वेळेवर द्या. “सोसता येतंय तोवर नको गोळी,” असं आपली माणसं म्हणतात. पण दुखत असलं की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, चालत नाही. म्हणजे न घेतलेली गोळी फुप्फुसाला महाग पडते.

दुसऱ्याच दिवशी तिला उठवून चालवलं. सातव्या दिवशी नळी निघाली, नवव्या दिवशी घरी आलो. घरी आल्यावर मी एक चूक करत होतो. तिला काहीच करू देत नव्हतो. एक दिवस ती चिडली, “मला देव्हाऱ्यात बसवू नका. निदान लसूण तरी सोलू द्या.” बरोबरच होतं तिचं. जड उचलणं, बादली ओढणं डॉक्टर सांगतील तोवर बंद. पण रोज थोडं जास्त चालणं, त्या बाजूचा हात हळूहळू वर नेणं, हे करायलाच हवं. हात नेला नाही तर खांदा आखडतो. छेदाच्या खाली, छातीच्या बाजूला बधिरपणा किंवा झिणझिण्या काही महिने राहू शकतात. त्यामुळे घाबरून जाऊ नका, पण डॉक्टरांना जरूर सांगा. धाप अचानक वाढली, जखमेतून पू आला, पिंडरी सुजून दुखू लागली किंवा ताप आला, तर थेट रुग्णालयात जा.

५. केमोथेरपी : एकवीस दिवसांचं गणित

गाठ काढली, मग केमो कशाला? हा प्रश्न मलाही पडला होता. डोळ्यांना किंवा स्कॅनला न दिसणाऱ्या काही पेशी शरीरात राहिल्या असतील, तर त्यांच्यासाठी हे औषध असतं. प्रत्येकाला ते लागतंच असं नाही. काढलेल्या गाठीचा आणि लसिकाग्रंथींचा रिपोर्ट बघून ते ठरतं. हल्ली गाठीची जनुकीय तपासणीही करतात. काही रुग्णांना त्यानुसार गोळ्या किंवा इम्युनोथेरपी सुचवली जाते. तुमच्या डॉक्टरांना याबद्दल विचारायला संकोच करू नका.

हिला दर एकवीस दिवसांनी एक अशा चार फेऱ्या सांगितल्या. या एकवीस दिवसांचं एक गणित असतं. ते कळलं की अर्धी भीती जाते. मी ते तीन भागांत मांडतो.

पहिले पाच दिवस : मळमळ, उलट्या, थकवा, जिभेला लोखंडासारखी चव. उलटी थांबवणाऱ्या गोळ्या उलटी झाल्यावर द्यायच्या नसतात, सांगितलेल्या वेळेला आधीच द्यायच्या. पाणी भरपूर, कारण काही औषधांचा मूत्रपिंडावर ताण येतो. पहिले दोन-तीन दिवस औषधाचा अंश लघवी-उलटीतून बाहेर पडतो, म्हणून ते साफ करताना हातमोजे घाला आणि संडासात दोनदा पाणी सोडा.

सातवा ते चौदावा दिवस : बाहेरून माणूस बरा दिसतो, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी याच काळात सर्वांत कमी असतात. हे दिवस सर्वांत धोक्याचे. गर्दी नको, सर्दी-खोकला झालेले पाहुणे नकोत, बाहेरचं खाणं नको.

पंधरावा ते एकविसावा दिवस : पेशी भरून येतात, तोंडाला चव येते. हे दिवस आनंदाचे. आम्ही या आठवड्यात मुद्दाम एखादी चांगली गोष्ट ठरवायचो. कधी शेतावर चक्कर, कधी तिच्या मैत्रिणीला जेवायला बोलावणं. मग पुन्हा रक्ततपासणी आणि पुढची फेरी.

६. माझी दुसरी चूक : तो ताप

आता जे सांगतोय ते नीट वाचा. दुसऱ्या फेरीचा दहावा दिवस होता. संध्याकाळी तिचं अंग गरम लागलं. थर्मामीटर लावला, १०१. दुसऱ्या दिवशी शाळेत दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती, सगळी तयारी माझ्याकडे. पुणं तीन तासांवर. मी तिला तापाची गोळी दिली. तासाभरात ताप ९९ वर आला. म्हटलं, चला, उतरला. सकाळी बघू.

पहाटे चारला ती थंडीने थडथडत होती. ओठ कोरडे, बोलणं तुटक. उभी राहिली आणि कोसळली. शेजाऱ्यांची गाडी काढली, तालुक्याच्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फाइल बघून पुण्याला फोन लावला आणि ताबडतोब शिरेतून अँटिबायॉटिक सुरू केलं. पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेल्या होत्या. पाच दिवस ती दवाखान्यात होती. पहिले दोन दिवस डॉक्टर काहीच खात्रीने सांगत नव्हते.

ती शुद्धीवर आल्यावर म्हणाली, “फ्रिजवर कार्ड लावलंय ना, त्यावर लिहिलंय.” मी घरी जाऊन बघितलं. पहिल्या फेरीच्या वेळी रुग्णालयाने दिलेलं कार्ड होतं. त्यावर ठळक अक्षरांत होतं : ताप १००.४ किंवा जास्त असल्यास, दिवस असो वा रात्र, लगेच या. मीच ते चुंबकाने फ्रिजवर लावलं होतं आणि वाचलं नव्हतं. वर्गात मी मुलांना रोज सांगतो, आधी प्रश्न पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा.

केमोच्या काळात पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. शरीराकडे लढायला सैन्यच नसतं, त्यामुळे पू, सूज अशी नेहमीची लक्षणंही बऱ्याचदा दिसत नाहीत. ताप हीच अनेकदा एकमेव धोक्याची घंटा असते, आणि तापाची गोळी देऊन मी ती घंटाच बंद केली होती.

लक्षात ठेवा :

• घरात चांगला थर्मामीटर ठेवा. अंगाला हात लावून अंदाज नको.
• १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा जास्त ताप ही तातडीची वेळ आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाची गोळी देऊन वाट बघू नका.
• रात्री गाडी कोणाची मिळेल, जवळचं कोणतं रुग्णालय, फोन कोणाला, हे पहिल्या फेरीच्या आधीच ठरवून लिहून ठेवा.
• तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हे बोला : “केमो चालू आहे आणि ताप आहे.” रांगेत बसू नका.

७. जेवणखाण आणि लोकांचे सल्ले

मला चहापलीकडे काही येत नव्हतं. फोडणीच्या वासाने तिला मळमळायचं, म्हणून स्वयंपाक ती आतल्या खोलीत असताना करायचो. गरम पदार्थापेक्षा कोमट किंवा गार पदार्थाचा वास कमी येतो, हे अनुभवाने कळलं. मुगाची मऊ खिचडी, नाचणीची पेज, दहीभात, नीट उकडलेलं अंडं, वरण, पनीर. ताट भरून वाढायचं नाही, दर दोन-अडीच तासांनी वाटीभर द्यायचं. फळं सालीची घ्या, धुऊन सोला. केळं, मोसंबी, डाळिंब चालतं. कच्ची कोशिंबीर, उसाचा रस, भेळ-पाणीपुरी पेशी कमी असताना नको. तोंड आलं तर कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि खायचा सोडा घालून चूळ भरायची, दात मऊ ब्रशने घासायचे.

“खा ना गं, दोन घास तरी,” असा तगादा मी लावायचो. एकदा ती म्हणाली, “तुम्ही समोर बसून माझे घास मोजता, त्यानेच घास उतरत नाही.” त्यानंतर मी ताट ठेवून बाजूला बसायला शिकलो. वजन मात्र दर आठवड्याला लिहून ठेवत होतो आणि डॉक्टरांना दाखवत होतो.

सल्ले देणारे भरपूर येतील. कोणी पाला आणून देईल, कोणी काढा, कोणी म्हणेल केमो सोडा, अमक्या गावचा वैद्य गॅरंटी देतो. प्रेमाने आणलेलं असतं, भांडू नका. घ्या, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. काही झाडपाल्याची औषधं केमोच्या औषधांशी आणि यकृताशी खेळ करतात. आणि उपचार मध्येच सोडायला सांगणारा माणूस कितीही गोड बोलला तरी त्याचं ऐकू नका.

८. पैसा, रजा आणि कागद

हा भाग रुक्ष आहे, पण याच्यावाचून गाडी अडते. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेले असतात. दाखल होण्याआधीच त्यांना भेटा, पैसे भरल्यावर नव्हे. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेभाड्यात सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार असतील आणि राहायची सोय नसेल, तर दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात चौकशी करा. शिक्षक बांधवांनी वैद्यकीय प्रतिपूर्तीसाठी प्रत्येक बिल, डिस्चार्ज कार्ड आणि औषधाच्या चिठ्ठ्या मूळ प्रतीत जपाव्यात. मेडिकलच्या साध्या कागदावरची पावती पुढे चालत नाही.

९. सोबत करणाऱ्यानेही श्वास घ्यावा

तिसऱ्या फेरीच्या वेळी माझं वजन सहा किलो कमी झालं होतं. वर्गात मी एका मुलावर विनाकारण ओरडलो आणि नंतर प्रयोगशाळेत जाऊन एकटाच बसलो. मुख्याध्यापकांनी बोलावलं, चहा दिला आणि सांगितलं, “सर, आठवड्यातून दोन दिवस शेवटचे दोन तास आम्ही सांभाळतो.”

मदत कोणी विचारली तर “नको, जमतंय” म्हणू नका. नेमकं काम सांगा. “शनिवारी डबा द्या.” “मुलीला क्लासला सोडा.” “रक्ताचा रिपोर्ट आणा.” लोकांना मदत करायची असते, काय करावं ते कळत नसतं. आणि तुम्हालाही रडू आलं तर रडा, जोडीदारासमोर आलं तरी चालेल. मी एकदा रडलो, तेव्हा हिने उशी पुढे केली आणि म्हणाली, “घ्या, दाबून धरा.” मग दोघंही हसलो.

समारोप

मार्चमध्ये मुलगी परीक्षेला निघाली, तेव्हा तिसऱ्या फेरीचे धोक्याचे दिवस चालू होते. केंद्रावर गर्दी असणार, म्हणून हिने स्वतःच ठरवलं की आपण जायचं नाही. दारातूनच मुलीच्या हातावर दही-साखर ठेवली. चौथी फेरी त्याच महिन्यात संपली. आता ती ठरावीक महिन्यांनी तपासणीला जाते. स्कॅनच्या आदल्या रात्री आम्हाला दोघांनाही झोप लागत नाही. पुढचं कोणालाच माहीत नाही. पण आता रिपोर्टचं पाकीट आम्ही दोघं मिळून उघडतो, आणि आधी ती वाचते.

मित्रांनो, मला वाटायचं की सोबत करायला मोठं धैर्य लागतं. प्रत्यक्षात लागलं ते लक्ष. थर्मामीटरवर, कार्डावर, वहीवर, आणि ती काय म्हणतेय त्यावर. ज्या दोन ठिकाणी माझं लक्ष सुटलं, तिथेच घात होत होता. आजार तिचा, निर्णय तिचा. आपण शेजारी बसायचं आणि जागं राहायचं.

विचार करा आणि कृती करा

१. तुमच्या घरात थर्मामीटर आहे का? तो चालू आहे का? आज तपासा.
२. घरातल्या प्रत्येकाचा रक्तगट, चालू औषधं आणि अ‍ॅलर्जी एका पानावर लिहून ठेवा.
३. घरात कोणाला तीन आठवड्यांहून अधिक खोकला आहे का? तपासणीची तारीख ठरवा.
४. तुमच्या ओळखीत कोणाच्या घरी मोठं आजारपण चालू असेल, तर “काही लागलं तर सांगा” असं न म्हणता या आठवड्यात एक नेमकं काम करून द्या.
५. मोठ्या मुलांसाठी : छातीतील नळीची बाटली हवा एकाच दिशेने कशी जाऊ देते, हे पेला, पाणी आणि स्ट्रॉ वापरून समजावून सांगा.

तुमच्या घरच्यांना निरोगी श्वास लाभो.